सोमवारी मी जेवत नाही

पायातली चप्पल निघून गेली आणि मला कळलंच नाही. माझ्या आजाराची गोष्ट तिथूनच सांगावी लागते.

हिंगोलीकडच्या गोरेगावात आमची पिठाची गिरणी आहे. बाजाराचा दिवस होता आणि डब्यांची रांग पायरीखाली उतरली होती. मी आतून दळण बाहेर नेऊन देत होते, रिकाम्या हातानं परत येत होते. एक बाई म्हणाली, "काकू, तुमची एक चप्पल पायरीपाशी हाय न् एक पायात. काहून?" सगळे हसले, मीही हसले. खाली पाहिलं तर उजवा पाय उघडा, टाच पत्र्यानं कापलेली, आणि रक्त पिठात कालवलं गेलेलं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही झालं नाही, असा माझा हिशोब. पाय धुतला, हळद दाबली आणि पुढचा डबा उचलला.

शुगर मला बऱ्याच वर्षांपासून होती. सकाळी गोळी घ्यायची, चहा बिनसाखरेचा सांगायचा आणि लग्नातला बुंदीचा लाडू प्रसाद समजून खायचा, एवढाच आमचा इलाज. टाच भरून येईना म्हणून मुलानं स्वतःच्या जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टाचेकडे थोडं पाहिलं आणि लघवीच्या रिपोर्टाकडे बराच वेळ. मग त्यांनी नांदेडच्या किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

सांगितलं तो दिवस

नांदेडचे डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, "शुगरनं दोन्ही किडन्या बऱ्याचशा खराब केल्यात. गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते सांभाळायचं. खाणंपिणं सांभाळलं तर मशीन लांबवता येईल. नाही सांभाळलं, तर मशीन लवकर."

आमचे हे अर्धी हयात गिरणीच्या मशीनपाशी उभे राहिलेले. त्यांनी विचारलं, "मशीन म्हंजे कोणती मशीन, साहेब?"

"डायलिसिस. आठवड्यातून दोनदा-तीनदा. रक्त बाहेर काढून धुवायचं आणि परत आत सोडायचं."

चालत्या गिरणीचा पट्टा निसटावा तसा यांचा चेहरा झाला. आणि मला काय वाटलं? काहीच नाही. खरं तेच सांगते. डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकची एक किडनी ठेवलेली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. पदरानं पुसावी असं मनात आलं, बस.

बाहेर आल्यावर हे चहा सांगायला म्हणून गेले आणि कँटीनच्या खांबाआड जाऊन रडून आले. डोळे लाल. मी बघितलं तर म्हणाले, "डोळ्यात पीठ गेलं वं." नांदेडात कुठलं आलंय पीठ? मी चहा प्यायले. माझ्या पायांना लागलेलं कळत नव्हतं, तसंच ते वर चढत चढत छातीपर्यंत आलं असावं, असं पुढे कितीतरी दिवस मला वाटायचं. लोक भेटायला येत, डोळ्याला पदर लावत, आणि मी त्यांना पाणी देऊन गावातल्या लग्नांचं विचारत बसे.

मोबाईलला निवद

त्या दवाखान्यात आहाराचं सांगायला एक तरुण मॅडम होत्या. पुण्याकडच्या, हसऱ्या. त्या एकेक सांगत गेल्या आणि मी मनातल्या मनात एकेक पातेलं चुलीवरून खाली उतरवत गेले. मीठ कमी. लोणचं, पापड बंद. डाळ मोजून. पोटॅशियम उतरावं म्हणून पालेभाजी आणि बटाटा चिरून, उकळून, पाणी फेकून मगच. शेंगदाण्याचा कूट नको, जेवणावर केळी नको. शुगरवाल्यानं काय खावं आणि किडनीवाल्यानं काय खावं, हे दोन्ही एकाच ताटात बसवायचं, म्हणजे दोन भांडखोर जावांना एका चुलीशी बसवण्यासारखं.

"एवढं लक्षात ठेवू नका, काकू," मॅडम म्हणाल्या, "हे ठेवेल." आणि त्यांनी माझ्याच मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. ताट पुढ्यात आलं की फोटो काढायचा, पदार्थाचं नाव लिहायचं नाहीतर बोलायचं, किती घेतलं ते सांगायचं. मग ते मीठ, साखर, पोटॅशियम असं सगळं जोडून एक गोल दाखवणार: हिरवा, पिवळा नाहीतर लाल. रोज दिवेलागणीला ते मराठीतून विचारायचं, "आज काय जेवलात?"

माझी मुलगी शीतल संभाजीनगरला नोकरी करते. माझा गोल तिच्या मोबाईलवरही दिसावा अशी सोय तिनं करून घेतली. आमच्यात राहते सून वैशाली. ती मला आत्या म्हणते, आणि स्वयंपाकघर तिच्या हातात आहे. म्हणजे एकीनं शिजवायचं, एकीनं दुरून पाहायचं आणि मी मधे बसून खायचं.

पहिले काही दिवस करमणूकच झाली. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. मी "सुशीला" असं लिहिलं, तर ॲप म्हणे असा पदार्थ सापडला नाही. यांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सुशीला तर माही मेव्हणी हाय. तिला काहून खायला निघाली?" दुसऱ्या दिवशी वरणफळं लिहिली. डाळीत शिजवलेल्या कणकेच्या तुकड्यांना आम्ही फळं म्हणतो, पण ॲपनं ती सफरचंद-पपईच्या रांगेत नेऊन बसवली. भाकरीचं तर विचारूच नका. त्यातली "एक मध्यम भाकरी" फोटोत पाहून हे म्हणाले, "ही भाकर हाय का पापड?" मग आमच्या एका भाकरीचा उंडा गिरणीच्या काट्यावर टाकला आणि आमची एक म्हणजे त्यांच्या दोन, असं ठरलं.

ताट आलं की मी फोटो काढायची आणि तोवर घरातले सगळे घास हातात धरून थांबायचे. हे म्हणायचे, "देवाला निवद दावल्यावानी मोबाईलला ताट दावून राहिली. झालं का त्याचं खाऊन? मंग आमी जेवतो."

वैशाली दोन भाज्या करायची, एक सगळ्यांची आणि एक माझी. माझ्या भाजीला आधी उकळत्या पाण्यातून काढायचं, त्याला ती भाजीची आंघोळ म्हणायची. मेथीचं ते हिरवंगार पाणी मोरीत ओतताना तिचा हात अडखळायचा. उन्हातान्हात निवडलेल्या भाजीचं असं पाणी करायचं म्हणजे कोणालाही जड जाणार. तिच्या वाट्याला काम दुप्पट आलं होतं आणि मला जेवणाची चव लागत नव्हती.

मी मात्र ॲपमध्ये सगळं खरं लिहायची. एखादा घास जास्त गेला तर तोही लिहायची. गोल पिवळा झाला की संभाजीनगरहून फोन यायचा, "मम्मी, आज डाळ किती घेतली?" लाल झाला की फोन वैशालीला जायचा. हिरवा झाला की कोणाचा फोन नाही, घर शांत. त्यामुळे मला हिरव्याची गोडी लागली. आनंद म्हणावा असं काही नव्हतं, पण त्या शांततेसाठी मी घास सोडायला लागले.

हिरवे सोमवार

सोमवार मी लग्नाआधीपासून धरते. आधी सोळा सोमवार धरले, ते सरले तरी सोडवेना. या आजारात ताटातलं सगळं दुसऱ्यांच्या हाती गेलं होतं, डॉक्टरांच्या, शीतलच्या, मोबाईलच्या. सोमवार तेवढा माझा राहिला होता. त्याबद्दल मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

पहिल्या सोमवारी दिवेलागणीला ॲपनं विचारलं, "आज काय जेवलात?" मी विचार केला. जेवले तर नव्हते. खाली एक चौकट होती, "आज जेवण नाही". मी तिच्यावर बोट ठेवलं. गोल हिरवागार झाला आणि खाली अक्षरं आली की आजचं पोटॅशियम मर्यादेत आहे. लगेच शीतलचा आवाजातला निरोप, "मम्मी, सोमवार एकदम भारी! असंच ठेव." सोमवारचा उपवास मी चंद्रोदयापर्यंत नाही, पण अंधार पडून पूजा होईस्तोवर धरायची. सोडताना वाटीभर आंघोळ घातलेली भाजी आणि अर्धी भाकरी, ती लिहिली तरी गोल हिरवाच राहायचा.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर काय निर्जळी होती? नव्हती. गोळ्या घ्यायच्या तर पोटात काही हवंच. वैशाली सकाळी साबुदाण्याची खिचडी करायची, शेंगदाण्याचा कूट घालून. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मधे एखादं केळं, कधी उकडलेलं रताळं. जिभेला आठवडाभर काही मिळत नसल्यामुळे सोमवारची आमटी मला फार लागायची. पण तो फराळ होता. आमच्याकडे फराळ केलेल्या बाईला कोणी "जेवलीस का?" विचारलं तर ती "नाही, आज सोमवार आहे" असंच सांगणार, आणि ती खोटं बोलते असं गावात कोणीही म्हणणार नाही. भाजीतला कूट आम्ही अगदी काटेकोर बंद केला होता. आमटीतला कूट आमच्या मनातसुद्धा आला नाही. माझ्या नाही, यांच्या नाही, आणि रोज मेथीला आंघोळ घालणाऱ्या वैशालीच्याही नाही. मंगळवारी सकाळी शुगर चढलेली असायची, ती आम्ही रविवारच्या भातावर ढकलायचो.

सोमवारनं एवढं भलं होतंय तर आणखी दिवस का नकोत, असं मला वाटायला लागलं. गुरुवार धरला. चतुर्थी धरली, एकादशी धरली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. हे शेजाऱ्यांना सांगायचे, "तिनं लई मनावर घेतलं बघा." महिन्याच्या शेवटी ॲप हिरव्या गोलांची माळ दाखवायचं आणि शीतल ती सगळ्या नातेवाइकांना पाठवायची. माझ्या पायातला जीव मात्र कमी होत चालला होता. दमायला व्हायचं, हातापायाला कळ नव्हती पण जोरही नव्हता. मी ते आजाराच्या खात्यावर टाकलं.

पारण्याची सकाळ

महाशिवरात्रीला मुलगा आम्हाला जीपनं औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला घेऊन गेला. रांगेत उभी राहिले, दर्शन झालं. तिथेच सोबत नेलेलं खाल्लं, रताळी, खजूर, केळी, बटाट्याचा कीस. घरी येऊन भगर-आमटी. ॲपमध्ये "आज जेवण नाही". गोल हिरवा.

दुसऱ्या दिवशी पारण्याचा स्वयंपाक सुरू होता. मी उठून न्हाणीकडे निघाले आणि पाय उचलेना. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या, नुसते पाय ऐकेनात. भिंतीला धरून बसले. छातीत धडधड म्हणावी तर तीही नाही, ठोका यायचा, मग येतो की नाही असं व्हायचं, मग यायचा. वैशालीनं पाहिलं आणि पोळपाट टाकून ओरडली, "मामंजी, आत्याला पाहा काय होऊन राहिलं!"

जीपमध्ये माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिच्या हाताला कणीक तशीच चिकटलेली होती आणि ती माझ्या केसांत वाळत होती. ती देवाचं नाव घेत होती. मी तिच्याकडे खालून बघत होते आणि मरण आलं तर असंच येत असेल, असं अगदी सपाट मनानं ठरवत होते. भीती वाटायला हवी, असंही वाटून गेलं, पण ती काही आली नाही.

नांदेडला पोहोचताच छातीला वायरी लावल्या, सुया टोचल्या, रक्त नेलं. डॉक्टर यांना बाजूला घेऊन जे बोलले ते मला ऐकू येत होतं. "पोटॅशियम फार चढलंय. हृदय बंद पडू शकतं. इंजेक्शननं उतरलं तर ठीक. दुपारपर्यंत नाही उतरलं तर आजच मशीनला लावावं लागेल."

"आजच?" हे म्हणाले. "पण ती तर कालपासून काहीच जेवली न्हाई, साहेब."

दुपारपर्यंत आम्ही वाट पाहिली. हे खाटेच्या कडेला बसून माझा पाय चोळत होते. मी म्हणाले, "कळत न्हाई मला, चोळलं तरी." ते म्हणाले, "मला कळून राहिलं ना." आणि चोळत राहिले.

शेजारच्या खाटेवर वसमतकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. ती मशीनवरून उतरून आली होती आणि तिच्या डाव्या हाताची, मशीन जोडायला ऑपरेशन करून ठेवलेली शीर दोरीसारखी फुगलेली होती. ती म्हणाली, "हात लावून पाहा." मी बोटं ठेवली. आत घरघर लागली होती, बारीक, अखंड, दूरवर कुठं गिरणी चालू असावी अशी.

"हे कायम असतं?"

"व्हय. चालू हाय तवर चांगलं. बंद पडलं की पळत यायचं दवाखान्यात." मग तिनं विचारलं, "तुमी काय करता?"

"आमची पिठाची गिरणी हाय."

"मंग तुमाला आवाजाची सवय हाय," असं म्हणून ती हसली. मी हात काढून घेतला. ती घरघर बोटांना बराच वेळ जाणवत होती.

दुपार टळून गेल्यावर रिपोर्ट आला. उतरलं होतं, मशीन टळलं होतं. हे खाटेच्या दांड्याला डोकं टेकून बसले. मी नर्सला विचारलं, पाणी किती प्यायचं?

विचारलंच नाही

दुसऱ्या दिवशी आहाराच्या मॅडम आल्या. माझा मोबाईल त्यांच्या हातात होता आणि त्यांना काही उमजत नव्हतं.

"काकू, महाशिवरात्रीला काय जेवलात?"

"जेवले न्हाई. उपास व्हता."

"आणि दर सोमवारी?"

"सोमवारी मी जेवत न्हाई."

"म्हणजे दिवसभर काहीच नाही?"

"अवो, गोळ्या हायत ना. उपाशी कसं ऱ्हावं? फराळ करते की."

"फराळाला काय काय?"

मी सांगत गेले. शेंगदाण्याची आमटी म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर केली. केळं, रताळं, खजूर आलं तोवर त्या माझ्या खाटेवर टेकल्या होत्या. म्हणाल्या, "हे सगळं ॲपमध्ये का नाही लिहिलंत?"

"त्यानं विचारलंच न्हाई, बाई. ते विचारतंय, काय जेवलात. म्या जेवलेलं सगळं लिव्हलं."

त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. पण म्हणाल्या, "माझी आजीसुद्धा दोन वाट्या खिचडी खाऊन सांगायची, सकाळपासून जेवले नाही म्हणून. हे मला सुचायला हवं होतं." मग त्यांनी समजावलं. भगर, साबुदाण्यानं शुगर चढते. शेंगदाणे, केळी, रताळी, बटाटा, खजूर, हे सगळं पोटॅशियमचं. ज्या गोष्टी आम्ही आठवडाभर ताटातून हाकलल्या होत्या, त्या साऱ्या सोमवारी पाटावर बसवून जेवू घातल्या होत्या.

डॉक्टरांनी जाताना एवढंच सांगितलं, "आता उपवास नाही. कुठलाच नाही. रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं जेवायचं. परत असं झालं तर मशीन टळणार नाही."

मी मान हलवली. शेवटची माझी म्हणून राहिलेली गोष्ट गेली, हे मला कळलं. कळलं, वाटलं नाही.

घर

घरी आल्यावर खरी पडझड झाली. शीतलनं फोनवर वैशालीला धारेवर धरलं. "वहिनी, तुम्ही घरात होता ना? तुमच्या हातानं केलेलं तुम्हाला दिसलं नाही?" वैशालीनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. माझ्यापुढे येऊन म्हणाली, "आत्या, म्याच करून घातलं ना. कूट जास्त टाकायची, तुमाला आवडतो म्हणून." आणि दुसऱ्या दिवशी ती पुसेगावला माहेरी निघून गेली. मी तिला अडवायला हवं होतं. मी ओट्यावर बसून तिची पिशवी भरलेली पाहत होते, आणि हिनं चार्जर घेतला का, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ती गेल्यावर स्वयंपाक मी करायला लागले. मेथी उकळली, पाणी ओतलं आणि ते पाणी मोरीत जाताना पहिल्यांदा स्वतः पाहिलं. मग शीतलला फोन लावला. म्हटलं, "तू गोल पाहत होतीस, ती चुलीशी उभी होती. तिला फोन कर न् माफी माग." शीतल रडली, म्हणाली, मम्मी, मी घाबरले होते गं. तिनं फोन केला. वैशाली परत आली, आल्या आल्या पदर खोचून म्हणाली, "मेथी नीट निवडली न्हाई तुमी," आणि मला ओट्यावरून उठवलं.

मॅडमनी ॲप बनवणाऱ्यांना कळवलं म्हणे. त्यांनी बदल केला की नाही मला माहीत नाही, माझ्या मोबाईलवर अजून तोच प्रश्न येतो. पण घरात आम्ही तो वेगळा विचारतो. दिवेलागणीला वैशाली विचारते, "आत्या, सकाळपासून तोंडात काय काय गेलं?" मग चहाही येतो, प्रसादाचा दाणाही येतो, आणि भाकरी भाजताना तोडून तोंडात टाकलेला तुकडाही येतो. मॅडमसुद्धा आता सगळ्या पेशंटना तसंच विचारतात. तुमच्या घरात कोणी आमच्यासारखं असेल तर एवढं करा. मोबाईल चांगला आहे, मला त्याचा राग नाही, त्यानं मला ताटाकडे बघायला शिकवलं. पण त्याला आपली बोली येत नाही, आणि आपण त्याला फक्त विचारलं तेवढंच सांगतो. उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना फराळाची नावं घेऊन विचारा. नुसतं "उपवास करू का" असं विचारू नका, तेही तिकडं उपाशी राहणं असंच समजतील.

उन्हाळ्यानंतर तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणाले, "आहे तिथं थांबलंय. तूर्त मशीन नको." मुलानं तिथल्या तिथं शीतलला फोन लावला, यांनी कँटीनवाल्याला चहाच्या जोडीला बिस्किटं सांगितली. सगळे माझ्याकडे बघत होते. मला हसू आणावं लागलं.

श्रावण

श्रावणाचा पहिला सोमवार आला. मी अंघोळ करून देवाला बेल वाहिला आणि नेहमीच्या वेळी वैशालीनं ताट आणलं. भाकरी, आंघोळ घातलेली दोडक्याची भाजी, मोजून डाळ. गल्लीतल्या सगळ्या बायकांचा उपवास. मी ताट दाराआड ओढून घेतलं. बेल वाहिलेल्या हातानं भाकरी मोडायची होती आणि घास काही उचलला जात नव्हता.

हे गिरणीवरून आले. त्यांची जेवायची वेळ म्हणजे वेळ, लग्न झाल्यापासून त्यांनी कधी एक उपवास केल्याचं मला आठवत नाही. एकादशीलाही ते लोणचं मागून घ्यायचे. वैशालीनं त्यांचं पान मांडलं तर म्हणाले, "मला नको. सोमवार हाय माहा."

मला वाटलं, थट्टाच. "तुमचा कवापासून सोमवार?"

"तुला बंद केला ना डॉक्टरनं. मंग कोणी तरी धरावा लागन का न्हाई? तू जेव."

आणि समोर बसून राहिले. मी जेवले. एकेक घास मोजून, फोटो काढून. ते पाणी पीत होते आणि माझ्या भाकरीकडे बघायचं टाळत होते, ते मला दिसत होतं.

दुपारी त्यांनी खिचडीही खाल्ली नाही. म्हणाले, "फराळ म्हंजे काय असतंय ते पाह्यलं म्या नांदेडला." गिरणीवर दोनदा गिऱ्हाइकावर खेकसले. चार वाजता डोकं धरून बसले. वैशाली मला खुणावून हसत होती. मी म्हटलं, "केळं तरी खा, तुमाला काय झालंय?" त्यांनी नुसती मान हलवली.

अंधार पडला. वैशालीनं नैवेद्याचं ताट वाढलं, मी देवाला दाखवलं. हे पानावर येऊन बसले. गरम भाकरी, पिठलं, ठेचा. हात भाकरीपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "सोडू का आता?"

"सोडा की. मला काहून विचारून राहिले?"

"तुला न्हाई तं कोणाला इचारू? उपास तुझा हाय. मी निस्ता उपाशी हाय."

मी "सोडा" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. नांदेडला सांगितलं तेव्हापासून जे कुठंच आलं नव्हतं ते सगळं एकदम वर आलं आणि मी रडायला लागले, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. वैशाली धावत आली. यांनी भाकरीवरचा हात काढून घेतला आणि माझं रडणं थांबेपर्यंत ते तसेच बसून राहिले, भुकेले, मी "सोडा" म्हणायची वाट पाहत.